पेशंट न्हाई आला, मीच आले, चालंल का?

आमच्याकडं नवीन केस आली म्हणजे पेशंट आला असं नसतं. येते ती बायको, नाहीतर आई, कधी थोरला भाऊ, कधी नुकतीच नोकरीला लागलेली पोरगी. दारात चप्पल काढायची का घालूनच आत यायचं यात थोडं घुटमळतात, कुणी ओळखीचं बसलंय का ते बघतात आणि मग विचारतात, "मॅडम, पेशंट न्हाई आला, मीच आले, चालंल का?" चालतं म्हणलं की पिशवीतून फाईल निघते. न आलेल्या माणसाची. लिव्हरचा रिपोर्ट, सोनोग्राफी, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आधार कार्डाची झेरॉक्स, सगळं कॅरीबॅगमध्ये गुंडाळून व्यवस्थित. तो किती वाजता उठतो, किती पितो, कुणासोबत पितो, कुणाचं किती देणं आहे, शेवटचं नीट जेवला कधी, सगळं तोंडपाठ असतं. आणि तुमची तब्येत कशी आहे असं विचारलं की गप्प. मला काय होतंय, म्हणतात.

मी लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात समुपदेशनाचं काम करते, आठवड्यातले काही दिवस एका व्यसनमुक्ती केंद्रात आणि काही दिवस एका मानसोपचार तज्ज्ञांच्या ओपीडीत. लग्नकार्यात कुणी विचारलं तर माझी आत्या परस्पर सांगून टाकते की ती दवाखान्यात आहे, पुढचं सांगत नाही, आणि मीही सांगत बसत नाही कारण एकदा सांगितलं की जेवणाची पंगत सोडून कुणीतरी कोपऱ्यात घेऊन जातंच, "आमच्या एका लांबच्या पाहुण्याचं विचारायचं होतं." लांबचा पाहुणा म्हणजे त्यांच्याच घरातला असतो हे आता न सांगता कळतं. (खाली जे लिहिलंय त्यातली गावं, नाती, वयं सगळी इकडची तिकडं केलीत, त्यामुळं कुणी शोधत बसू नका.)

इतकी वर्षं हे बघून माझं मत असं झालंय की जो येतो त्याच्यापासूनच काम सुरू करावं. न आलेल्याला कसं आणायचं यात सगळे अडकतात, पोलिसांचा धाक दाखवू का, भावकीला बसवू का, बेशुद्ध असताना गाडीत घालून आणू का. आणि जी बाई दीड तास एसटीत उभी राहून आली ती तशीच परत जाते.

बरं, अंतराचं आधी सांगते. राज्यात वर्षानुवर्षं सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात एकही नाही. जालन्याला नवीन मंजूर झालं तेव्हा आम्ही ओपीडीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज आहे, ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं, त्याचा मोठा आधार आहे. पण धारूर-वडवणीकडच्या तांड्यावरनं तिथं यायचं म्हणजे एक रोज बुडतो, दोघांचा मिळून दोन. व्यसनाचं म्हणाल तर पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं, आणि आमच्या भागातले कितीतरी लोक तिथं राहून आलेले आहेत. पण पुण्याला महिनाभर राहायचं म्हणजे हंगाम सोडून जायचं, आणि महिनाभरानं माणूस परत येतो तो त्याच गावात, त्याच पारावर, आणि घरातल्यांना मधल्या काळात कुणी काहीच शिकवलेलं नसतं, ते बिचारे तो पुन्हा कधी पितो याची वाट बघत बसलेले असतात. दर पाच मिनिटाला तोंडाचा वास घेतात. मग तो म्हणतो, विश्वास नसेल तर पितोच आता.

एम्सनं 2019 मध्ये देशभरातल्या व्यसनांचा अहवाल दिला होता, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांमागं एकाला काहीतरी उपचार मिळाले असं निघालं. उरलेले 37 कुठं असतात ते मला माहितीय. घरीच असतात. आणि त्यांच्यावर घरातलेच उपचार करत असतात.

घरातले उपचार म्हणजे काय ते सांगते. एक मावशी आल्या होत्या, केजकडच्या. इकडं तिकडं बघितलं, कमरेची पिशवी काढली, तिच्यातनं रुमालाची गाठ सोडली आणि एक छोटी प्लास्टिकची बाटली टेबलावर ठेवली. लेबल नाही, नाव नाही, आत पांढरट पावडर, एवढुसा चमचा. मुलाला देतात, वरणात कालवून. "त्येला कळू द्यायचं न्हाई म्हणले, कळलं तर गुण येत न्हाई." एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' आणि खाली मोबाईल नंबर, ते तुम्हीही वाचलेलं असणार. मावशींनी त्या नंबरवर फोन करून पार्सल मागवलेलं. पोरगा प्याला की लालबुंद व्हायचा, छातीत धडधड, उलट्या, एकदा पार गार पडला होता. मावशींना वाटलं औषध लागू पडलं.

आता त्या बाटलीत नेमकं काय होतं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता, पण लक्षणं ऐकून आमचे डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकले. डायसल्फिराम नावाची गोळी आहे, 1948 पासून दारूच्या उपचारात आहे, चांगली गोळी आहे. ती घेतली आणि वर दारू प्याली की दारू शरीरात अर्ध्या वाटेवर अडकते, ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि माणसाचे असे हाल होतात की पुन्हा ग्लास हातात धरताना तो विचार करतो. विचार करतो हे महत्त्वाचं. म्हणजे त्याला माहीत पाहिजे. तपासण्या करून, हार्ट-लिव्हर बघून, त्याची सही घेऊन ती देतात. चोरून दिली तर तो बिचारा नेहमीसारखी क्वार्टर मारतो, बीपी खाली जातं, आणि हृदय कमजोर असेल तर माणूस हातचा जातो. शेवटच्या गोळीनंतर आठ-पंधरा दिवससुद्धा तिचा अंमल राहू शकतो. हे सगळं सांगितल्यावर मावशी बाटलीकडं बघत राहिल्या. नंतर एकच म्हणल्या, "मग आता मी काय देऊ?" काहीतरी दिलंच पाहिजे, आपल्या हातानं काहीतरी झालंच पाहिजे, ही त्यांची अडचण होती, आणि ती पावडरपेक्षा जुनी होती. त्या दिवशी आम्ही दीड तास पोराबद्दल बोललोच नाही. त्या रात्री झोपतात किती, त्यांच्या नावावरची दीड एकर कुणी मागायलंय, सून माहेरी गेली ती का, असं बोललो. पोरगा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला, आईनं वरणात घालायचं बंद केलंय हे त्याला कसं कळलं होतं देव जाणे, पण आला.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे एका दिवसात बंद. माळ घातली, पंढरीला जाऊन आला, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माळेबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. माझ्या ओळखीत माळेनं सुटलेली माणसं आहेत, आणि त्यात नुसती तुळशीची माळ नसते, सोबत भजनी मंडळ असतं, संध्याकाळी सातला बसायला जागा मिळते, लोक आता 'महाराज' म्हणायला लागतात त्यामुळं गुत्त्यावर जायची लाज वाटते. हे सगळं आमच्या ग्रुप थेरपीत असतं तेच आहे, उगीच नाकं मुरडायची गरज नाही. पण ज्याला सकाळी तोंड धुवायच्या आधी नाईंटी लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात आणि चहाचा कप धरता येत नाही, त्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाम, ताप, झोप नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेले आजोबा दारात दिसतात, अंगावरची गोधडी झटकत बसतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं झालं. कुणीतरी म्हणतंच की माळ घातली आणि विटाळ झाला म्हणून देव कोपला. मग लिंबू, मग उतारा, मग कुणाकडंतरी घेऊन जायचं, आणि इकडं ते डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू एकदम तुटल्यानं होणारा भ्रम असतो, ज्याला तातडीनं ॲडमिट करावं लागतं. गावातल्या डॉक्टरकडं नेलं तर अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची सलाईन लावतात, त्याआधी थायमिन म्हणजे बी-वन द्यायला पाहिजे, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं आणि नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला इजा होऊ शकते. हे एवढं एक वाक्य मी प्रत्येक बायकोला पाठ करायला लावते. बी-वन म्हणायचं डॉक्टरला, लाजायचं नाही.

नांदेडकडं, देगलूर-धर्माबाद पट्ट्यात अजून एक भानगड असते, शिंदीत क्लोरल हायड्रेट मिसळलेलं असतं कधीकधी, तिथं शिंदी बंद झाली की असंच सगळं होतं आणि लोक म्हणतात झाडाचं तर पाणी, त्याचं कसलं व्यसन.

मानसिक आजाराच्या घरात वातावरण वेगळं. दारूच्या घरात आरडाओरडा असतो, इथं दबलेलं असतं. वीस-बावीसचं पोरगं कॉलेज सोडून घरी आलं, महिनाभर खोलीतनं बाहेर पडलं नाही, मग म्हणायला लागलं शेजारचे मोबाईलवरून माझं मन वाचायलेत. पहिली पायरी देवऋषी, भानामतीची शंका तर आमच्या भागात पाचवीला पुजलेली, दुसरी पायरी एखादा दर्गा नाहीतर दत्ताचं ठाणं, तिसरी पायरी दवाखाना, आणि तिसऱ्या पायरीवर गुण आला की लगेच चौथी, लग्न. "जबाबदारी पडली की होईल ताळ्यावर." किती आयांशी मी यावरून भांडले असेन. मुलीकडच्यांना सांगायचं नाही, गोळ्या आठ दिवस आधी बंद करायच्या कारण त्यानं सुस्ती येते आणि स्टेजवर बरं दिसत नाही, आणि मग हळदीच्या रात्री जागरण, डीजे, माणसांची गर्दी, सगळं एकदम. लग्नानंतर दोन महिन्यांत जी पोरगी माझ्यासमोर येऊन बसते ती एकोणीस वर्षांची असते आणि तिला स्किझोफ्रेनिया हे नाव कुणी सांगितलेलं नसतं. गोळ्या ताकतीच्या आहेत म्हणून सांगितलेलं असतं.

दर्ग्याला जाणाऱ्यांना मी अडवत नाही. गुरुवार चुकवू नका, पण रात्रीची गोळीपण चुकवू नका, एवढंच. अडवते ते बांधून ठेवण्याला. तमिळनाडूत एरवाडीला 2001 च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं जागच्या जागी जळून गेली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडावर स्पष्ट बंदी आहे. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण गोठ्यात ज्यानं पोटच्या पोराला दोरीनं बांधलंय त्या बापाला कायदा वाचून दाखवून काही होत नाही हेही खरं. तो म्हणतो, सोडलं तर विहिरीकडं पळतंय, तुम्ही येता का रात्री धरायला? त्याला उत्तर म्हणून आधी इंजेक्शनची सोय लागते, मग कायदा.

ओपीडीत मी एक गोष्ट बऱ्याचदा सांगते. लंडनमध्ये 1950 च्या दशकात जॉर्ज ब्राऊन नावाच्या संशोधकाला असं दिसलं की दवाखान्यातून सुटलेले पेशंट आईवडलांकडं किंवा बायकोकडं राहायला गेले तर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा, जास्त वेळा परत ॲडमिट होत होते. पुढं कळलं की घरात सारखी टोचून बोलणी, राग, नाहीतर अति काळजी असली की आजार लवकर उलटतो. हीच तपासणी 1980 च्या दशकात चंदीगडला झाली आणि आपल्याकडच्या घरांमध्ये टोचून बोलणं बरंच कमी सापडलं, आणि पेशंटही जास्त बरे राहिले. हे सांगितलं की एखादी आई लगेच रडायला लागते, म्हणजे माझ्यामुळं झालं का? नाही हो मावशी, तुमच्यामुळं झालं नाही, आजार आजारामुळंच झाला, पण घरात आवाज कमी केला तर त्याला उतार पडायला मदत होते. एवढंच सांगायचं असतं, पण सांगायची वेळ चुकली तर नुसता दोष पदरात पडतो. म्हणून पहिल्या भेटीत मी हे कधीच बोलत नाही.

लेकरांचं कुणी विचारत नाही. एका नववीतल्या पोरीनं मला सांगितलं होतं, गाडीचा आवाज वळणावरून आला की कळतं पप्पा कसे आहेत. गिअर नीट पडला तर चांगले आहेत, गाडी नुसतीच रेस झाली तर नाहीत. त्याप्रमाणं ती धाकट्या भावाला मागच्या दारानं चुलत्याकडं पाठवायची, आजीची काठी उचलून ठेवायची, गॅसची शेगडी बंद करायची आणि मग पुस्तक उघडून बसायची, जणू सगळा वेळ अभ्यासच करायली होती. शाळेत हुशार. शिक्षक म्हणतात किती समजूतदार. मला तो शब्द ऐकला की कसंतरी होतं.

आता ऊसतोडीच्या घरांचं काय सांगू. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतात आणि पार मार्चपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उचल हातात आली की अर्धी जुनं देणं फेडण्यात जाते आणि उरलेल्यातली गुत्त्यावर. फडावर गेल्यावर त्यानं पिऊन झोप काढली तरी तोडणी चुकत नाही, तिला एकटीला दोघांचं तोडावं लागतं. एकदा एक मुकादमच एकाला गाडीत घालून घेऊन आला, "मॅडम, ह्येला आठ दिवसात नीट करा, मी पैसे भरतो." मला आधी फार कौतुक वाटलं. मग कळलं त्याची उचल अडकली होती. तरी पण मी त्या मुकादमाला नावं ठेवणार नाही, त्याच्या पैशामुळं का होईना माणूस डिटॉक्सला, म्हणजे अंगातली दारू उतरवायच्या उपचाराला राहिला, आणि त्याची बायको आठ दिवस सलग झोपली.

गावातली बाटली आडवी करायचा मार्गही आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, यादीतल्या नावांच्या निम्मी. आमच्याकडं हंगामात अर्ध्या बाया फडावर असतात, त्यामुळं मतदान कधी आहे यावरच निकाल लागतो म्हणा ना. आणि दुकान बंद झालं तरी शेजारच्या गावातनं मोटारसायकलवर पिशवीत माल येतोच. तरीसुद्धा करावं. चार पावलं लांब गेली तरी काही जण चालायचा कंटाळा करतात.

सरकारी बाजूनं अगदीच काही नाही असं नाही. शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प 2015 पासून 14 जिल्ह्यांत आहे, त्यात आपले आठही येतात, आशाताई घरोघर जाऊन विचारतात झोप लागते का, जगावं वाटतं का. टेलिमानसचा 14416 नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, मी प्रत्येक केसपेपरच्या मागं लिहून देते. पण दोन खोल्यांच्या घरात सासू समोर बसलेली असताना सून फोनवर काय बोलणार? बाया शेतात जाऊन बोलतात, रेंज असेल तर. आणि नंबर लिहून देताना मी अजून एक विचारते, फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता? उत्तर बहुतेक वेळा खाटेखाली असतं, नाहीतर माळ्यावर. ते आजच्या आज उचलायचं, चुलत्याच्या घरी कुलपात ठेवायचं, लागेल तेव्हा तेवढंच आणायचं. श्रीलंकेत सगळ्यात विषारी औषधांवर बंदी आणली तर आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या, कारण जीव द्यायची ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. इथं मला समुपदेशनापेक्षा कुलूप जास्त कामाचं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बायांना काय सांगते? प्यालेला असताना भांडायचं नाही, सकाळी उतरल्यावर बोलायचं आणि एकदाच बोलायचं. त्याचं गुत्त्यावरचं देणं आपण भरायचं नाही. शाळेत, साखर कारखान्यात, ग्रामपंचायतीत फोन करून 'ताप आलाय' सांगायचं नाही, त्याचा ताप त्याला सांगू दे. हात उचलला तर मात्र यातलं काहीच नाही, सरळ बाहेर पडायचं, 112 लावायचा, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे. हे ऐकून सासवा माझ्यावर चिडतात. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "तू घर फोडायचं शिकवायलीस." शिकवत असेनही, ज्याचं त्यानं ठरवावं.

पिणाऱ्यांच्या घरच्यांनी एकत्र बसायची पद्धत अल-अनॉनच्या नावानं अमेरिकेत 1951 ला सुरू झाली, आमची बैठक त्याच अंगाची पण नाव वगैरे काही नाही. बाजाराच्या दिवशी बसतो म्हणजे घरी सांगायला कारण होतं. सगळ्यांच्या पिशव्या भिंतीला, मेथी-कोथिंबिरीचा वास. मागच्या महिन्यात एकजण पहिल्यांदाच आली होती, परळीकडची, तीस-बत्तीस वय, अर्धा तास नुसती ऐकत होती आणि मग एकदम म्हणली, "तुमचे समद्यांचे सुधारले का? आमचे कवा सुधारतेल?" कुणी काही बोलेना. मग मागं बसलेल्या एक जुन्या मावशी, ज्यांचा नवरा अजूनही पितोच आणि ज्या तरीही एक बैठक चुकवत नाहीत, म्हणल्या, "ते त्येचं त्यो बघंल माय. तुझं डोकं कवापासनं दुखायलंय ते सांग. आल्यापासनं कपाळ दाबायलीस." सिस्टरनं तिथंच बीपी बघितलं तर 160 वर 100. बैठक संपल्यावर तिचा केसपेपर काढला. नाव विचारलं तर सवयीनं नवऱ्याचं सांगितलं, मग सगळ्या हसल्या आणि ती पण हसली, गोळ्या घेऊन साडेपाचच्या एसटीनं गेली.